काळात मागे जाता येतं का? आइनस्टाइनच्याच समीकरणांतून ही वाट काढणारा कुर्ट गोडेल

१४ मार्च १९४९. अल्बर्ट आइनस्टाइनला ७० वर्षं पूर्ण झाली. त्याच्या सन्मानार्थ जगभरातल्या शास्त्रज्ञांनी लेख लिहिले. 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स' या नियतकालिकाने तर त्या वर्षी खास अंकच काढला.

त्या अंकात जेमतेम चार पानांचा एक लेख होता. लिहिणारा भौतिकशास्त्रज्ञ नव्हता, तर्कशास्त्राचा माणूस होता. त्याने आइनस्टाइनचीच समीकरणं घेतली, त्यातला एकही नियम न मोडता ती सोडवली आणि कागदावर एक वेगळंच विश्व उभं केलं. त्या विश्वात कोणी पुरेशी मोठी फेरी मारली, तर तो निघाला त्याच्याही आधीच्या वेळी परत पोचू शकत होता. म्हणजे चक्क स्वतःच्या भूतकाळात.

टाइम मशीनच्या गोष्टी तोवर जुन्या झाल्या होत्या. एच. जी. वेल्सची कादंबरी १८९५ सालची. पण कादंबरीकाराला नियम वाकवायची मुभा असते. इथे नियम जसेच्या तसे होते आणि तरीही मागे जाणारी वाट निघाली होती.

ती वाट काढणाऱ्या माणसाचं नाव कुर्ट गोडेल. काळात मागे जाता येतं का, हा प्रश्न गप्पांच्या अड्ड्यावरून उचलून गणिताच्या टेबलावर आणायचं काम त्याने केलं. त्याच्या आयुष्याची गोष्ट समजून घेतली, की या प्रश्नाचं आजचं उत्तरही नीट समजतं.

का-साहेब

गोडेलचा जन्म २८ एप्रिल १९०६ चा, ब्रुन शहरातला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला ब्रनो म्हणतात. घर जर्मन बोलणारं, वडील कापडधंद्यात, परिस्थिती चांगली.

कुर्ट लहानपणी प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारायचा. इतका, की घरच्यांनी त्याचं नावच 'हेर वारुम' ठेवलं. मराठीत सांगायचं तर का-साहेब.

लहान असतानाच त्याला संधिवाताचा ताप आला. तो बरा झाला. पण आठव्या वर्षाच्या आसपास त्याने या आजाराबद्दल पुस्तकांत वाचलं आणि आपलं हृदय कायमचं कमकुवत झालंय, असं मनाशी पक्कं केलं. डॉक्टरांनी काहीही सांगितलं तरी हा समज आयुष्यभर गेला नाही.

पुढची सगळी गोष्ट या दोन सवयींभोवती फिरते. एक, जे सगळ्यांना उघड वाटतं तिथेही का म्हणून विचारायचं. दुसरी, स्वतःच्या तर्काने जे निघालं, त्यावरून कोणी कितीही समजावलं तरी हटायचं नाही.

गणिताला पडलेलं भगदाड

१९२४ साली गोडेल व्हिएन्ना विद्यापीठात गेला, तो भौतिकशास्त्र शिकायला. पण फिलिप फुर्टवेंगलर नावाचे गणिताचे एक प्राध्यापक तिथे होते. मानेपासून खाली शरीर लुळं पडलेलं, पण खुर्चीत बसून ते अंकशास्त्र असं शिकवायचे की वर्ग तुडुंब भरायचा. गोडेल गणिताकडे वळला.

तेव्हाचं व्हिएन्ना म्हणजे विचारवंतांचं आगर. मॉरित्झ श्लिक या प्राध्यापकाभोवती एक मंडळ जमायचं, 'व्हिएन्ना सर्कल'. गोडेल तिथे जायचा, कोपऱ्यात बसायचा, फारसं बोलायचा नाही. जे अनुभवाने तपासता येत नाही त्यावर बोलण्यात अर्थ नाही, असं मंडळातल्या बहुतेकांचं मत. गोडेलला ते पटत नव्हतं. पण वाद घालण्यापेक्षा सिद्ध करून दाखवणं त्याला जास्त आवडायचं.

सप्टेंबर १९३० मध्ये कोनिग्जबर्ग शहरात एक परिषद भरली. त्याच दिवसांत, त्याच शहरात त्या काळचा सर्वांत मोठा गणिती डेव्हिड हिल्बर्ट याने भाषण केलं. गणितात न सुटणारा प्रश्न असूच शकत नाही, हा त्याचा ठाम विश्वास. आणि परिषदेच्या शेवटच्या चर्चेत २४ वर्षांच्या गोडेलने हळू आवाजात सांगून टाकलं, की आपल्याला नेमकं उलटं सापडलंय.

साधी गणितं करू शकणारी कोणतीही नियमांची चौकट घ्या. तिच्यात विसंगती नसेल, तर तिच्यात काही विधानं अशी राहणारच जी खरी आहेत, पण त्या चौकटीत सिद्ध करता येत नाहीत. नियम वाढवले तरी नवी विधानं सुटतातच. शिवाय आपल्यात विसंगती नाही, हे ती चौकट स्वतः सिद्ध करू शकत नाही. यालाच 'अपूर्णतेचे सिद्धांत' म्हणतात.

सभेतल्या बहुतेकांना तो काय म्हणाला हे कळलंही नाही. जॉन फॉन नॉयमन मात्र तिथे होता, त्याच्या लगेच लक्षात आलं. १९३१ मध्ये लेख छापून आला आणि गोडेलचं नाव गणिताच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं.

त्याच्या कामाची रीत इथे पहिल्यांदा दिसते. तो चौकट बाहेरून तोडत नाही. आत शिरतो, तिचेच नियम काटेकोर पाळतो आणि त्या नियमांतून असं काही काढून दाखवतो, जे चौकट बांधणाऱ्यांनाही अपेक्षित नसतं.

व्हिएन्ना सुटलं

व्हिएन्नात गोडेलला आदेल पोर्कर्ट भेटली. ती एका नाइटक्लबमध्ये नाचायची, घटस्फोटित होती आणि त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. घरच्यांचा कडवा विरोध. लग्न व्हायला १९३८ साल उजाडलं.

मधल्या काळात गोडेलची प्रकृती ढासळत गेली. मनाचे आजार सुरू झाले, सॅनिटोरियमच्या वाऱ्या झाल्या. २२ जून १९३६ रोजी श्लिकचा त्याच्याच एका माजी विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या जिन्यावर गोळ्या घालून खून केला. गोडेलने याचा जबर धसका घेतला. कोणीतरी आपल्यालाही विष घालेल, ही भीती त्याच्या मनात घट्ट बसली. आदेल त्याच्या ताटातलं आधी स्वतः चाखायची, मग तो जेवायचा.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. गोडेल ज्यू नव्हता, पण ज्यू मित्रांत वावरणारा म्हणून संशयित होता. एकदा रस्त्यात नाझी पोरांच्या टोळक्याने त्याला ज्यू समजून घेरलं, तेव्हा आदेलने छत्रीने बडवून त्यांना पळवलं. त्यातच लष्करी सेवेसाठी तो तंदुरुस्त असल्याचं ठरलं. जन्मभर हृदय कमकुवत म्हणून घाबरणाऱ्या माणसाला आता आघाडीवर जावं लागण्याची वेळ आली होती.

जानेवारी १९४० मध्ये दोघं निघाले. अटलांटिकवर युद्ध पेटलेलं, म्हणून उलट्या बाजूने. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने सबंध रशिया ओलांडून, तिथून जपान, मग जहाजाने पॅसिफिक पार करून सॅन फ्रान्सिस्को. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या प्रिन्स्टनला जायला त्यांनी जवळपास अख्ख्या पृथ्वीला वळसा घातला. गोडेल युरोपला पुन्हा कधीच परतला नाही.

प्रिन्स्टनची पायवाट

प्रिन्स्टनच्या 'इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी'मध्ये आइनस्टाइन १९३३ पासून होता. गोडेल तिथे आला आणि वयात २७ वर्षांचं अंतर असलेल्या या दोघांची गट्टी जमली.

दोघं अगदी विरुद्ध. आइनस्टाइन हसरा, विस्कटलेल्या केसांचा, जगाला हवाहवासा. गोडेल किडकिडीत, उन्हाळ्यातही कोट घालणारा, माणसांपासून चार हात लांब. पण रोज कामावरून घरी दोघं चालत जायचे आणि वाटभर जर्मनमध्ये गप्पा चालायच्या. उतारवयात आइनस्टाइनने एका मित्राला सांगितलं होतं, की आता आपण ऑफिसात जातो ते मुख्यतः गोडेलसोबत घरी चालत यायला मिळतं म्हणून.

तो मित्र म्हणजे अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न. गोडेलच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीचा किस्साही त्यानेच लिहून ठेवला. ५ डिसेंबर १९४७ रोजी ट्रेंटनच्या कोर्टात मुलाखत होती, साक्षीदार आइनस्टाइन आणि मॉर्गनस्टर्न. गोडेलने अमेरिकेची राज्यघटना इतकी बारकाईने वाचली की त्याला त्यात एक पळवाट सापडली. घटनेच्या चौकटीत राहूनच देशात हुकूमशाही आणता येते, असं त्याचं म्हणणं. हे कोर्टात बोलू नकोस, म्हणून दोघांनी त्याला वाटेत बजावलं.

पण न्यायाधीश फिलिप फोरमन यांनी बोलता बोलता नेमका तोच विषय काढला. ऑस्ट्रियात हुकूमशाही आली, पण इथे तसं होणं शक्य नाही, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले. गोडेल लगेच म्हणाला, शक्य आहे, सिद्ध करून दाखवतो. न्यायाधीश आइनस्टाइनला ओळखत होते. त्यांनी हसून विषय बदलला आणि १९४८ मध्ये गोडेल अमेरिकेचा नागरिक झाला.

गणिताच्या चौकटीत फट सापडली, घटनेत सापडली. आता पाळी होती खुद्द मित्राच्या सिद्धांताची.

फिरणारं विश्व

आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार अवकाश आणि काळ वेगळे नाहीत. दोन्ही मिळून एकच पट आहे. वस्तुमान त्या पटाला वाकवतं आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. कुठे किती वाकेल, हे सांगतात आइनस्टाइनची समीकरणं. त्यांची उत्तरं एकापेक्षा जास्त निघतात. वस्तुमान कसं पसरलंय यावर वेगवेगळी विश्वं तयार होऊ शकतात.

गोडेलने विचारलं, की विश्वातलं सगळं वस्तुमान फिरत असेल तर?

ताक घुसळताना रवी फिरली की आजूबाजूचं ताकही तिच्याबरोबर ओढलं जातं. सापेक्षतेत फिरणारं वस्तुमान आजूबाजूच्या अवकाश-काळाला साधारण असंच ओढतं. गोडेलच्या विश्वात तर सगळंच फिरतंय, आणि त्याला मधला खुंटा असा नाहीच. तुम्ही कुठेही उभे राहा, तुम्हाला सगळं तुमच्याभोवतीच फिरताना दिसणार. विश्वातल्या वस्तुमानाची त्या काळी अंदाजलेली घनता घेतली, तर एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २०,००० कोटी वर्षं लागतील, असं त्याने काढलं.

आता मागे जाणारी वाट कुठून आली ते पाहू.

प्रत्येक ठिकाणी एक 'उद्या'ची दिशा असते अशी कल्पना करा. आपल्या रोजच्या अनुभवात हे सगळे बाण एकाच दिशेला असतात. तुमचा उद्या तिकडे, शेजाऱ्याचा उद्याही तिकडेच. म्हणून सगळे एकत्र पुढे सरकतात आणि मागे वळायला वाव राहत नाही.

गोडेलच्या विश्वात तुमच्यापासून जसजसं लांब जावं, तसतसे हे बाण फिरण्याच्या दिशेने कलत जातात. एका ठरावीक अंतरापलीकडे ते इतके आडवे होतात, की मोठ्या वर्तुळावर चालणारा माणूस प्रत्येक पावलाला तिथल्या 'उद्या'कडेच जात असतो. तो कुठेही मागे वळत नाही, प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ओलांडत नाही, त्याचं मनगटी घड्याळ पुढेच चालतं. पण फेरी संपवून तो परततो, तेव्हा तो निघाला त्याच्या आधीच्या क्षणाला पोचलेला असतो. अशा वाटेला भौतिकशास्त्रात 'बंद कालवक्र' म्हणतात.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. काळात पुढे उडी मारणं ही काही कल्पना नाही, ते रोज घडतं. वेगाने फिरणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं. अंतराळ स्थानकात सहा महिने राहून आलेला अंतराळवीर पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा सुमारे ५ मिलिसेकंद कमी जगलेला असतो. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोन्हींमुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते दुरुस्त केलं नाही तर मोबाइलवरचा नकाशा चुकेल. पण यातून फक्त पुढे जाता येतं. कोणीही कालच्या दिवसात परत येत नाही. त्यासाठी बंद कालवक्र लागतो आणि सापेक्षतेत तो बसू शकतो, हे गोडेलने उघडपणे दाखवून दिलं.

इंधनाचा हिशोब

लगेच पुढचा प्रश्न येतो. मागे जाऊन कोणी आपल्या आजोबांनाच मारलं तर? मग तो जन्मलाच कसा?

गोडेलला हा पेच माहीत होता. त्याने उदाहरण घेतलं ते स्वतःला भेटण्याचं. माणूस मागे गेला, त्याला तरुणपणीचा तो स्वतः भेटला आणि त्याने त्या तरुणाला असं काही केलं, जे आपल्यासोबत घडलेलं नाही हे त्याला पक्कं आठवतंय. मग खरं काय?

यावर गोडेलने एखाद्या इंजिनिअरसारखा हिशोब मांडला. त्या विश्वात मागे जायचं, तर यानाला प्रकाशाच्या वेगाच्या किमान ७१ टक्के वेग हवा. सगळं इंधन शंभर टक्के ऊर्जेत बदलणारं इंजिन आहे असं धरलं, तरी इंधनाचं वजन यानाच्या किती पट लागेल? १ वर २२ शून्यं, ही संख्या घ्यायची आणि तिला प्रवाशाला प्रवासात लागलेल्या वर्षांच्या वर्गाने भागायचं.

आकडे घालून पाहू. यान १,००० टनांचं आणि प्रवास ५० वर्षांचा धरला, तर इंधनाचं वजन पृथ्वीच्या वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश भरतं. म्हणजे एका यानासाठी अर्ध्याहून जास्त पृथ्वी जाळायची. म्हणून, प्रत्यक्षात कोणी असा प्रवास करून गोंधळ घालेल ही शक्यता धरायला नको आणि केवळ त्या पेचावर बोट ठेवून असं विश्व अशक्य आहे असंही म्हणता येत नाही, हे गोडेलचं मत.

पण त्याला टाइम मशीन नकोच होतं

गोडेलच्या नावावर टाइम ट्रॅव्हलचं गणित लागलं, पण मागे जाणं हा त्याचा हेतूच नव्हता. त्याला सिद्ध करायचं होतं ते याहून मोठं, की काळ वाहतो हेच मुळात खरं नाही.

याच १९४९ साली आइनस्टाइनवर निघालेल्या एका ग्रंथात त्याने हा युक्तिवाद मांडला. काळ वाहतो असं म्हणायचं, तर संपूर्ण विश्वासाठी एक सामायिक 'आत्ता' हवा. आधीचा 'आत्ता' सरतो, नवा येतो. त्याच्या फिरणाऱ्या विश्वात असा सामायिक 'आत्ता' आखताच येत नाही. तिथे भूतकाळ गेलेला नसतो, कारण तिथे परत जाता येतं. जिथे जाता येतं, ती जागा नाहीशी झाली असं कसं म्हणणार?

कोणी म्हणेल, ते त्या विश्वात, आपल्या विश्वात तर काळ वाहतो ना. त्यावर गोडेलचं म्हणणं असं, की दोन्ही विश्वांचे नियम एकच आहेत. फरक फक्त वस्तुमान कसं पसरलंय आणि कसं हलतंय याचा. काळ वाहतो की नाही, ही इतकी मूलभूत गोष्ट अशा योगायोगावर अवलंबून असू शकत नाही. तेव्हा आपल्याकडेही काळाचं वाहणं हा आपल्या जाणिवेचा भाग आहे, जगाचा नाही.

आइनस्टाइनने त्याच ग्रंथात मित्राला उत्तर दिलं. या कामाचं त्याने मनापासून कौतुक केलं. असा पेच आपल्या सिद्धांतात निघू शकतो, ही शंका सिद्धांत घडवतानाच आपल्याला छळत होती, हेही कबूल केलं. पण निष्कर्ष मान्य केला नाही. अशी विश्वं भौतिकशास्त्राच्या आणखी एखाद्या कारणाने बाद होतात का, हे तपासायला हवं, एवढं म्हणून तो थांबला.

पुढची सत्तरहून जास्त वर्षं शास्त्रज्ञ तेच तपासत आहेत.

आपलं विश्व फिरतंय का?

गोडेलचं मूळ विश्व आणि आपलं विश्व यात एक उघड फरक होता. आपलं विश्व प्रसरण पावतंय, दीर्घिका एकमेकींपासून लांब जातायत, हे १९२९ पासून माहीत होतं. गोडेलचं विश्व प्रसरण पावत नव्हतं. १९५० साली त्याने फिरणारी आणि प्रसरणही पावणारी विश्वं मांडली. पण त्यांतल्या ज्या विश्वांचं आपल्याशी साम्य होतं, त्यांत मागे जाणारी वाट उरत नव्हती.

तरी आपलं विश्व थोडं का होईना, फिरतंय का, हा ध्यास त्याला शेवटपर्यंत राहिला. विश्व फिरत असेल, तर दीर्घिकांचे अक्ष एखाद्या ठरावीक दिशेला जास्त झुकलेले दिसायला हवेत. गोडेल दीर्घिकांच्या फोटोंचे संग्रह घेऊन बसायचा आणि त्यांच्या दिशा मोजून वह्यांत टिपायचा. जॉन व्हीलर, चार्ल्स मिस्नर आणि किप थॉर्न हे शास्त्रज्ञ १९७३ साली आलेल्या 'ग्रॅव्हिटेशन' या जाडजूड ग्रंथावर काम करत असताना त्याला भेटायला गेले होते. त्यांच्या पुस्तकात फिरणाऱ्या विश्वाबद्दल काय लिहिलंय, हे गोडेलला जाणून घ्यायचं होतं. त्यांनी त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं आणि तो निराश झाला.

आज याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. विश्वाच्या बालपणी निघालेला प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. १९६५ साली त्याचा शोध जाहीर झाला. विश्व फिरत असतं, तर त्या प्रकाशात एक विशिष्ट पीळ दिसला असता. उपग्रहांनी तो प्रकाश अत्यंत बारकाईने मोजला, तसा पीळ मिळाला नाही. आपलं विश्व गोडेलचं विश्व नाही.

शेवटची वर्षं

१९५५ साली आइनस्टाइन गेला. गोडेल आणखी एकटा पडला. मानसन्मान मिळत राहिले, पण त्याने लेख छापणं जवळपास थांबवलं.

व्हिएन्नातल्या आईला मात्र तो नेमाने पत्रं लिहायचा. जग तर्कसंगत आहे, मग माणसात इतक्या शक्यता ठेवून त्यातल्या थोड्याशाच या जन्मात पूर्ण व्हाव्यात, हे तर्काला धरून नाही. म्हणून मृत्यूनंतरही आयुष्य असलंच पाहिजे आणि आपली भेट पुन्हा होणार, असं त्याने १९६१ च्या पत्रांत तिला समजावून सांगितलं होतं. आई १९६६ साली गेली. भूतकाळ नाहीसा होत नाही, हे ज्याने गणिताने मांडलं, तो माणूस आपल्या तरुणपणाच्या शहरात एकदाही परत गेला नाही.

विषाची भीती वाढतच गेली. आदेलच्या हातचंच तो खायचा. १९७७ च्या जुलैमध्ये मॉर्गनस्टर्न वारला आणि त्याच सुमारास आदेलला दीर्घकाळ हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं. घरात ताट चाखून पाहणारं कोणी उरलं नाही. गोडेलने खाणं जवळपास सोडलं. डिसेंबरअखेर आदेल घरी आली आणि तिने त्याला हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायला लावलं, पण उशीर झाला होता. १४ जानेवारी १९७८ रोजी गोडेल गेला. तेव्हा त्याचं वजन जेमतेम ३० किलो होतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं, मानसिक विकारामुळे झालेलं कुपोषण.

गणितातली बारीकशी फटही ज्याच्या नजरेतून सुटली नाही, त्याला स्वतःच्या भीतीतली फट दिसली नाही.

मग आजचं उत्तर काय?

गोडेल गेल्यानंतर हा विषय थांबला नाही. १९८८ साली किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा, म्हणजे 'वर्महोल', उघडा ठेवता आला तर त्याचंही टाइम मशीन होऊ शकतं. म्हणजे अख्खं विश्व फिरायची गरज नाही. पण तो बोगदा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते. प्रयोगशाळेत तिचा अगदी सूक्ष्म परिणाम दिसतो. बोगद्याला लागेल इतकी कुठून आणायची, हे कोणालाच जमलेलं नाही.

१९९२ साली स्टीफन हॉकिंगने उलटी बाजू मांडली. कुठेही टाइम मशीन बनायला लागलं, की तिथली ऊर्जा प्रचंड वाढून ते बनण्याआधीच मोडून पडेल, निसर्गच इतिहासाचं रक्षण करतो, असा त्याचा अंदाज. २००९ साली त्याने एक गमतीशीर प्रयोगही केला. काळप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रण पार्टी झाल्यानंतर जाहीर केलं. कोणीही आलं नाही. पण हॉकिंगचा अंदाज आजही अंदाजच आहे. तो सिद्ध करायला गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांना जोडणारा सिद्धांत हवा आणि तो अजून पूर्ण झालेला नाही.

म्हणून पुन्हा कोणी फॉरवर्ड पाठवला की शास्त्रज्ञांनी टाइम मशीनचा शोध लावला, किंवा हे सगळं थोतांड आहे, तर एका प्रश्नाचे तीन प्रश्न करावेत.

पहिला, नियम याला मनाई करतात का? आइनस्टाइनच्या समीकरणांत तशी मनाई नाही, हे गोडेलने दाखवलं आणि ते आजही कोणी खोडून काढलेलं नाही.

दुसरा, आपल्या विश्वात अशी वाट आहे का? गोडेलने काढलेली वाट तरी इथे नाही आणि दुसरी कोणती दिसलेली नाही.

तिसरा, आपण ती बनवू शकतो का? आज माहीत असलेल्या कोणत्याही मार्गाने नाही.

काळात मागे जाणं अशक्य आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं. पण वाटणं आणि सिद्ध होणं यात अंतर असतं. काल परत का येत नाही, हे आपण सगळे अनुभवाने जाणतो, पण नियमाने अजून दाखवता आलेलं नाही. ब्रुनच्या त्या का-साहेबाने १९४९ साली विचारलेला प्रश्न म्हणूनच अजून उघडा आहे.